अख्खी मसाला कोंबडी ओव्हनमध्ये मंद आचेवर कशी भाजायची

पहिल्यांदाच अख्खी कोंबडी भाजणार असाल तर ती मंद आचेवर भाजा. २०० अंशांवर तास-सव्वा तासात भाजलेली कोंबडीही छान होते, पण तिथे दहा मिनिटं चुकली की छातीचं मांस कोरडं पडतं. १५० अंशांवर अडीच तास भाजताना त्याच दहा मिनिटांनी फारसं काही बिघडत नाही. नवख्या हाताला एवढी सवलत देणाऱ्या पद्धती स्वयंपाकात कमीच. शिवाय हाडापासून अलगद सुटणारी तंगडी आणि ट्रेमध्ये उतरलेला दाट, मसालेदार रस हे मंद आचेचंच देणं आहे.

हातानं करायचं काम यात थोडं आहे, सगळं मिळून तासभर. बाकीचा वेळ जातो तो वाट पाहण्यात आणि त्यातलाही मोठा भाग आदल्या दिवशीचा असतो. माझं ठाम मत आहे की भाजलेल्या कोंबडीची निम्मी चव आदल्या रात्री फ्रीजमध्येच तयार होते. म्हणून आज संध्याकाळी खायची असेल तर कामाला काल लागायला हवं होतं. घाई असेल तर आज दुसरं काही करा आणि ही उद्यासाठी ठेवा.

मंद आच कशासाठी

कोंबडीच्या अंगावर दोन तऱ्हेचं मांस असतं. तंगडी आणि मांडी हे सतत राबणारे स्नायू. त्यांच्यात कोलॅजन, म्हणजे मांसाला बांधून ठेवणारे चिवट धागे, भरपूर असतात. हे कोलॅजन ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि त्याला नुसती उष्णता पुरत नाही, वेळही द्यावा लागतो. म्हणूनच मांडीचं मांस ७४ अंशांना खाण्याजोगं होत असलं तरी खरं मऊ लागतं ते ८५ च्या आसपास. छातीच्या मांसात कोलॅजन कमी. ते जसजसं तापतं तसतसे त्याचे तंतू आवळत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं.

प्रखर आचेवर बाहेरचा थर आणि हाडाजवळचा गाभा यांच्या तापमानात मोठी तफावत पडते. गाभा शिजेपर्यंत वरचा बोटभर थर वाळून गेलेला असतो. मंद आचेवर ही तफावत कमी राहते आणि मांडीला हवा तो वेळही मिळतो. छाती इथेही ७५ च्या पुढे जाते, हे खरं. पण मीठ नीट मुरलेलं असलं आणि आच सावकाश चढली तर ती ओलसर राहते.

एक गोष्ट मात्र मंद आच देत नाही, ती म्हणजे कुरकुरीत कातडी. ती शेवटच्या दहा मिनिटांत वेगळी मिळवायची.

कोंबडी आणि सामान

साफ केलेली, दीड किलोच्या आसपासची, कातडीसकट अख्खी कोंबडी घ्या. कातडी हवी हे आधीच बजावून सांगा, कारण सोललेली कोंबडी या पद्धतीत कोरडीच होणार. कातडीखालची चरबी वितळून मांसाला ओलावा देते आणि मसाला धरून ठेवायचं कामही कातडीच करते. माणसं जास्त असतील तर अडीच किलोची एक घेण्यापेक्षा सव्वा-सव्वा किलोच्या दोन घ्या. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, मध्ये चार बोटं अंतर ठेवून भाजता येतात.

ओव्हन लहान असेल तर आधी टेप घेऊन आतली उंची मोजा. कोंबडीच्या वर आणि वरच्या रॉडच्या मध्ये निदान चार बोटं जागा हवी. मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन असेल तर फक्त कन्व्हेक्शन चालू ठेवायचं, मायक्रोवेव्ह नाही.

गोठवलेली कोंबडी असेल तर ती फ्रीजमध्येच सुटू द्या. दीड किलोला चोवीस तास धरून चला. ओट्यावर ठेवून सोडवू नका. आतला भाग बर्फ असतानाच बाहेरचा थर जंतू वाढण्याइतका गरम झालेला असतो.

साधनांमध्ये बुटक्या काठाचा ट्रे, धारदार सुरी आणि मांसात खुपसून तापमान सांगणारा थर्मामीटर हवा. पहिल्या दोन गोष्टी घरात असतातच. तिसरी विकत घ्यायला मागेपुढे पाहू नका. स्वयंपाकघरातल्या दहा शोभेच्या वस्तूंपेक्षा ती कामाची आहे.

आदला दिवस: मीठ

आधी पोटाची पोकळी तपासा. काही वेळा काळीज, पेटा आणि मान छोट्या पिशवीत घालून आत ठेवलेली असते, ती काढा. पोकळीच्या तोंडाशी चरबीचे दोन पिवळसर गोळे लोंबत असतात, तेही ओढून काढा.

आता धुण्याचा प्रश्न. अनेकांना मांस न धुता चैन पडत नाही, पण कोंबडी नळाखाली धरली की पाण्याचे बारीक शिंतोडे सिंकच्या आसपास, ओट्यावर, वाळत घातलेल्या भांड्यांवर उडतात आणि त्यांच्याबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतूही पसरतात. हे जंतू धुण्यानं जात नाहीत, शिजण्यानं मरतात. त्यामुळे धुऊ नका, टिश्यू पेपरनं पुसा. बाहेरून पुसा, आतून पुसा, मांडी आणि पोटाच्या मधल्या घडीत पुसा, पंखांच्या खाली पुसा. पाच-सहा कागद लागले तर लागू द्या. कागद लगेच कचऱ्यात टाका आणि हात साबणानं धुवा.

पुढचं काम नाजूक आहे आणि मला ते फार आवडतं. कोंबडी छाती वर करून, पोकळीचं तोंड आपल्याकडे येईल अशी ठेवा. पोकळीच्या वरच्या काठाशी कातडी चिमटीत धरा आणि दोन बोटं कातडी आणि मांस यांच्या मध्ये सरकवा. आत पातळ पापुद्र्यानं कातडी चिकटलेली असते, बोटं आडवी फिरवली की तो सुटत जातो. नखं वापरू नका, अंगठीही काढून ठेवा. छातीच्या मधोमध, उभ्या हाडाच्या रेषेवर कातडी जास्त घट्ट असते. तिथे जोर न लावता दोन्ही बाजूंनी सोडवत या. तिथून बोटं खाली मांडीवर उतरवा, तंगडीच्या सुरुवातीपर्यंत सहज पोचतात. मानेकडची बाजू बंद राहू द्या, म्हणजे मसाला निसटणार नाही. कातडी कुठे जरा फाटलीच तर चालतं, भाजताना तिथला मसाला थोडा जास्त काळपट होईल इतकंच.

मग मीठ. दीड किलोच्या कोंबडीला १८ ग्रॅम बारीक मीठ घ्या, म्हणजे लहान चमच्यानं सपाट तीन चमचे. जाडं मीठ असेल तर चमच्यानं अंदाज चुकतो, वजन करून घ्या. निम्मं मीठ सोडवलेल्या कातडीखाली छातीवर आणि मांडीवर चोळा, थोडं पोकळीत टाका, उरलेलं बाहेरून सगळीकडे लावा.

कोंबडी ताटात ठेवून, काहीही न झाकता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. खालच्या यासाठी की तिचं पाणी दुसऱ्या कशावर गळू नये. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कातडीवर पाण्याचे थेंब दिसतील. ते मिठानं ओढून काढलेलं पाणी आहे, पुसू नका. त्याच पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू मांसात परत शिरतं. तिथे मिठामुळे स्नायूंमधली काही प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. बारा तास तरी द्या, चोवीस दिले तर उत्तम. न झाकण्याचं कारण कातडी. फ्रीजची कोरडी हवा तिच्यातलं पाणी शोषून घेते. दुसऱ्या दिवशी कातडी ताणलेली, किंचित पारदर्शक दिसेल आणि बोट लावलं तर कोरडी लागेल. तशी झाली की शेवटी ती नक्की कुरकुरीत होणार.

मसाला

मसाला मांसात मुरतो असं आपण सगळेच म्हणतो, पण खोलवर जातं ते मुख्यतः मीठ. मसाल्यांचे बहुतेक सुवासिक घटक पाण्यात विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात, आणि ते जिथे लावाल तिथेच, पृष्ठभागावर राहतात. म्हणून रात्रभर मसाला लावून ठेवण्याचा इथे फायदा नाही. ओल्या मसाल्यानं कातडी ओली राहते, हा तोटा मात्र आहे. मसाला भाजायच्या आधी लावायचा आणि शक्य तितका कातडीखाली.

लाल तिखट दोन लहान चमचे (रंगाला गडद, तिखटपणाला सौम्य असं घ्या), धने पूड दोन चमचे, जिरे पूड एक, मिरपूड एक, हळद अर्धा आणि दालचिनीची पूड पाव चमचा. हे तीन मोठे चमचे मऊ तुपात कालवा. तूप घ्या किंवा तेल. लोणी चवीला छानच, पण त्यात पाण्याचा अंश असतो आणि आपण काल रात्रभर पाणी घालवत होतो. मसाल्यात मीठ घालू नका, ते झालेलं आहे.

या मिश्रणाचा तिसरा हिस्सा बाजूला काढा. उरलेल्यात सहा-सात लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून मिसळा. लिंबाची साल किसून घातली तर आणखी छान. हे लसूणवालं मिश्रण कातडीखाली जातं, कारण लसूण बाहेर राहिला तर शेवटच्या प्रखर आचेत जळून कडू होतो. चमच्यानं मिश्रण आत सोडा आणि वरून कातडीवरून तळवा फिरवत पुढे सरकवा. तळव्याला तुपाचा गोळा जागोजागी लागतो, तो पसरून सारखा झाला की कळतं. बाजूला काढलेलं कोरड्या मसाल्याचं तूप बाहेरून पातळ लावा.

पोकळीत अर्धं लिंबू आणि आडवी कापलेली लसणाची गड्डी ठेवा, पण ठासून भरू नका. आतून गरम हवा फिरली पाहिजे. भात किंवा ब्रेडचं सारण तर भरूच नका. कोंबडीचा रस त्यात उतरतो आणि मध्यभागी ते नीट तापायला फार वेळ लागतो.

दही लावायचं का? दह्यातली भाजलेली कोंबडी चवदारच असते, पण तो वेगळा पदार्थ आहे. तिची कातडी कुरकुरीत होत नाही.

ओव्हनमध्ये

ओव्हन वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून १५० अंश सेल्सियसवर तापवा. पंखा चालू ठेवणार असाल तर १३० पुरे. पंख्याशिवाय १५० च्या आणि पंख्यासह १३० च्या खाली उतरू नका. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि फार मंद आचेवर कोंबडी तिथे जास्त वेळ रेंगाळते. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला तर ओव्हन १६३ अंशांच्या खाली ठेवू नये असा आहे. तो पाळायचा असेल तर १६५ वर ठेवा आणि पाऊणएक तास कमी धरा. कोंबडी तेव्हाही छानच होते, घड्याळाकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं एवढंच.

ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या पसरा, हवे तर बटाट्याचे आणि गाजराचे मोठे तुकडे घाला. त्यावर कोंबडी छाती वर करून ठेवा. पंखांची टोकं मागे दुमडून मानेखाली खोचा, म्हणजे ती जळत नाहीत. पाय दोऱ्यानं बांधण्याची गरज नाही. बांधले की मांड्या पोटाला चिकटतात आणि जिथे उष्णता सगळ्यात जास्त हवी तिथेच ती पोचत नाही. ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी ओता, नाहीतर सुरुवातीला उतरणारा रस करपतो. कोंबडी ओव्हनच्या मध्यावर येईल अशा बेतानं जाळी लावा.

आता दार बंद करा आणि सोडून द्या. मध्येमध्ये रस काढून वर ओतायचा मोह होतो, तो टाळा. त्यानं मांस रसाळ होत नाही, उलट कातडी भिजते आणि दर वेळी दार उघडल्यानं ओव्हन थंड होतो. तासाभरानं एकदा डोकावून ट्रेमधलं पाणी आटलंय का पाहा, आटलं असेल तर दोन-चार चमचे गरम पाणी बाजूनं सोडा. वरचा रॉड जवळ असल्यानं छाती लवकर काळवंडायला लागली तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा सैल ठेवा.

दीड किलोच्या कोंबडीला १५० अंशांवर सव्वादोन ते पावणेतीन तास लागतात. हा अंदाज आहे, कारण ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा दहा-वीस अंशांचा फरक असतो. पावणेदोन तासांनी तपासायला सुरुवात करा.

झाली हे कसं ओळखायचं

थर्मामीटर मांडीच्या आतल्या बाजूनं, सगळ्यात जाड भागात खुपसा. टोक हाडाला लागू देऊ नका, हाडाजवळ आकडा चुकतो. दोन्ही मांड्या आणि छातीचा जाड भाग अशा तिन्ही जागा पाहा. सुरक्षिततेसाठी सगळीकडे निदान ७४ हवेत. पण आपल्याला मांडीत ८५ हवेत, तिथे ७६ दिसले तर दार लावून आणखी वीस मिनिटं जाऊ द्या.

हाताला आणि डोळ्यालाही खुणा कळतात. तंगडीच्या टोकाशी कातडी आणि मांस आक्रसून वर सरकतं आणि हाडाचा तुकडा उघडा पडतो. चिमट्यात तंगडी धरून हलवली तर सांध्यात सैल फिरते. या खुणा उपयोगी आहेत, पण थर्मामीटरच्या जागी त्यांच्यावर विसंबू नका. रस लालसर आहे की स्वच्छ यावर तर अजिबात नको. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही हाडापाशी गुलाबी दिसू शकतं, आणि उलट स्वच्छ रस आला म्हणून आत ७४ झालेच असतील असं नाही.

कातडी

कोंबडी ट्रेसकट बाहेर काढा, दोन चमच्यांनी उचलून ताटात घ्या आणि उघडीच ठेवा. फॉइलनं गच्च झाकली तर वाफेनं कातडी लिबलिबीत होते. ट्रेमधला रस आणि भाज्या एका भांड्यात काढून घ्या. हे विसरू नका, कारण पुढच्या आचेवर ट्रेमध्ये राहिलेली चरबी तडतडते आणि ओव्हनभर धूर होतो.

ओव्हन २२५ अंशांवर न्या. तो तापायला पंधरा-वीस मिनिटं घेईल, तेवढ्यात कोंबडीही निवते आणि आतला रस जरा दाट होऊन मांसात थांबतो. मग ती रिकाम्या ट्रेमध्ये ठेवून आठ ते बारा मिनिटं आत घाला. या वेळात फोन घेऊ नका, दुसऱ्या खोलीत जाऊ नका. लाल तिखट गडद तांबडं होण्यात आणि काळं पडण्यात दोन मिनिटांचंच अंतर असतं. कातडीवर बारीक फोड येऊन ती तडकल्यासारखी वाजायला लागली की काढा. पाच मिनिटं थांबा आणि कापायला घ्या.

कापणं

आधी पाय. मांडी आणि पोट यांच्या मधली कातडी सुरीनं कापा, मांडी बाहेरच्या बाजूला दाबा, सांधा आपोआप निखळेल. सुरी त्या सांध्यातून काढा. मांडी आणि तंगडी वेगळी करायची तर आतल्या बाजूला सांध्यावर चरबीची एक पातळ रेघ दिसते, तिथेच कापा. मग छातीच्या मधल्या हाडाला लगटून सुरी उभी खाली न्या आणि बरगड्यांवरून सरकवत एका बाजूचं मांस अख्खं काढा. ते आडवं, तंतूंच्या उलट दिशेनं बोटभर जाडीचं कापा आणि प्रत्येक कापाला कातडीची किनार राहू द्या.

सांगाडा टाकण्याआधी उलटा करा. पाठीवर, मांडीच्या सांध्याशेजारी दोन्ही बाजूंना हाडाच्या खोबणीत सुपारीएवढे मांसाचे दोन गोळे असतात. अख्ख्या कोंबडीत त्यांच्याइतकं रसाळ काही नाही. ते अंगठ्यानं सुटतात. माझ्या मते ते कापणाऱ्याच्या हक्काचे.

भांड्यातल्या रसावर चरबी तरंगत असेल, ती चमच्यानं काढा पण फेकू नका, दुसऱ्या दिवशी बटाटे परतायला उत्तम. खालचा रस दोन मिनिटं उकळा, अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि चाखल्याशिवाय मीठ घालू नका, तो आधीच खारट असतो. छातीचे काप या रसात एकदा घोळवून मग ताटात वाढा. मसाला मांसात खोल गेलेला नसतो, ती कसर इथे भरून निघते.

उरलेलं मांस हाडावरून काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना आतपर्यंत ७४ अंश होऊ द्या. सांगाडा, पंखांची टोकं आणि एक कांदा पाण्यात बुडवून दोन-अडीच तास मंद उकळला की सूपसाठी सुरेख पाणी मिळतं. त्याच दिवशी उकळायला वेळ नसेल तर सांगाडा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका.